मदत हवी आहे: घरातला पसारा आवरायला वेळच मिळत नाही, सुरुवात कुठून करू?

अनुजा_डोंबिवली
गणपती तोंडावर आलेत आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. दोघंही नोकरी करतो, सकाळी डबे भरून फास्ट लोकल गाठायची, घरी यायला रात्रीचे आठ वाजतात, मग स्वयंपाक, मुलाचा अभ्यास. शनिवार-रविवार कपडे, किराणा, सोसायटीची मीटिंग, कुणाचं तरी बारसं ह्यातच जातो. आवरायला घेतलं की कपाटातलं सगळं पलंगावर येतं आणि झोपायच्या वेळी परत आत कोंबलं जातं. माळा तर उघडायलाच नको वाटतं. व्हिडिओ बघून झाले, त्यातली घरं वेगळीच असतात. प्लीज कुणीतरी सरळ सांगा कुठून सुरू करू. "नको ते टाकून द्या" एवढं मात्र सांगू नका, तेच तर होत नाहीये.

किमया
घर केवढं? माणसं किती? मुलगा किती वर्षांचा? आणि टाकणं होत नाही म्हणजे वेळ नाही, मन होत नाही की कुणी टाकू देत नाही? तिन्हीचे उपाय वेगळे आहेत.

सह्यभटक
खोलीवार आवरूच नका, प्रकारवार आवरा. ती जपानी पद्धत आहे ना, आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग किरकोळ वस्तू, आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी. घरातले सगळे कपडे एका ठिकाणी ढीग करून काढायचे, मग कळतं आपल्याकडे किती आहे ते. मी केलं, फरक पडला.

शुभदा_काकू
@सह्यभटक ढीग घालायला जागा हवी ना. डोंबिवलीत पाच माणसांचे कपडे हॉलमध्ये काढले तर त्या रात्री झोपायचं कुठे? एक खण घ्यायचा, चहाचं आधण ठेवायचं, चहा होईपर्यंत जेवढं होईल तेवढं. रोज. मी नोकरी करताना असंच केलंय.

नाशिकचा_पाहुणा
माळा उघडाल तेव्हा झुरळं निघणारच. बोरिक पावडर, पिठीसाखर आणि कणीक मळून गोळ्या करा, कोपऱ्यात ठेवा. हमखास उपाय.

किमया
अहो घरात मूल आहे, वय माहीत नाही, आणि तुम्ही गोड गोळ्या ठेवायला सांगताय. प्लीज नको.

अनुजा_डोंबिवली
सॉरी, बाहेर होते. वन बीएचके आहे. आम्ही दोघं, मुलगा चौथीत, सासूबाई आणि दीर. माळ्यावर आणि दिवाणात मुख्य सामान सासऱ्यांचं आहे, ते गेल्या वर्षी गेले. कागदांनी भरलेल्या पत्र्याच्या ट्रंका आहेत, वर तांब्या-पितळेची भांडी. सासूबाई म्हणतात, "ह्यांनी ठेवलंय म्हणजे कामाचंच असणार." त्यांना दुखवून मला काही करायचं नाहीये. नवरा म्हणतो तू ठरव.

रानवारा
"तू ठरव" हेच मूळ आहे. वडील त्याचे, कागद त्याच्या वडिलांचे, ठरवणार तुम्ही? दीर पण आहेत की घरात. दोघा भावांनी रविवारी सकाळी ट्रंका घेऊन बसावं. तुम्ही त्या दिवशी मुलाला घेऊन बाहेर जा.

शुभदा_काकू
लगेच नवऱ्यावर घसरू नका हो. बाप गेल्यावर वर्षभरात त्याच्या अक्षरातले कागद हातात घेणं मुलांनाही जड जातं.

रानवारा
जड जातं हे मान्य, काकू. पण मग बायकोला सोपं जातं का? धूळ तर तीच पुसतेय.

निवृत्त_कॅशियर
ताई, मी बँकेत होतो म्हणून कळकळीने सांगतो, त्या ट्रंका बघितल्याशिवाय एकही कागद रद्दीत देऊ नका. तुमच्या सासूबाई बरोबर बोलतायत. त्या पिढीने शेअर सर्टिफिकेट, एफडीच्या पावत्या, पोस्टाची पासबुकं, विम्याची पॉलिसी हे सगळं लाइटच्या बिलांमध्येच ठेवलेलं असतं. एफडी १० वर्षं तशीच पडून राहिली तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत पाठवते, पण वारसांचा हक्क जात नाही, त्याच बँकेत अर्ज करून पैसे मिळतात. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल काढलंय, त्यावर सासऱ्यांचं नाव टाकून शोधता येतं. शेअरवरचा लाभांश सलग ७ वर्षं कुणी घेतला नाही तर शेअरही सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीच्या निधीकडे जातात, तेही परत मागता येतात, वेळ लागतो पण मिळतात.
आता गठ्ठे तीनच करा. घराचं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा), नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला हे कायमचं, एका फाइलमध्ये, आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. दुसऱ्यात पैशाशी संबंध असलेलं सगळं, समजलं नाही तरी. तिसऱ्यात जुनी बिलं, लग्नपत्रिका, बंद पडलेल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड. रद्दी फक्त तिसऱ्यातून निघते. सासूबाईंना हे गठ्ठे करताना शेजारी बसवा, निर्णय त्यांचाच राहू दे.

सह्यभटक
बघा, म्हणूनच मी म्हटलं आठवणींच्या वस्तू शेवटी.

किमया
पण इथे कागद आणि आठवणी एकच आहेत ना.

नाशिकचा_पाहुणा
ती पितळेची भांडी देऊ नका बरं. कल्हई करून घ्या, आमटी काय लागते त्यात.

शुभदा_काकू
कल्हईवाले आता दिसतात कुठे! आमच्या अंगणात खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापलं की नवसागर टाकून पुसायचा, सगळीकडे पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाने एका हातात फिरवायचं, बघता बघता पातेलं चांदीसारखं. चिंच, ताक असलं आंबट बिनकल्हईच्या पितळेत ठेवायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

रानवारा
विषय पसाऱ्याचा आहे.

शुभदा_काकू
भांडी वापरात आली की माळा रिकामा होतो, विषय तोच आहे.

अनुजा_डोंबिवली
कॅशियर काका, खूप आभार. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला आणि दिरांना वाचून दाखवला, मग दोघांनी मिळून एक ट्रंक खाली काढली. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, प्रत्येक कागद त्यांच्या हातात दिला, आणि खरं सांगते, अर्धे त्यांनीच तिसऱ्या गठ्ठ्यात टाकले. किराणा दुकानाच्या उधारीच्या वह्या सुद्धा. एका रेक्झिनच्या पाकिटात शेअर सर्टिफिकेट निघाली, काहींच्या कंपनीचं नाव आज कुठेच सापडत नाही. कडा तुटतायत म्हणून लॅमिनेट करून घेऊ का? आणि आता कुणाला विचारायचं?

निवृत्त_कॅशियर
लॅमिनेट अजिबात नको! प्लास्टिकच्या साध्या फोल्डरमध्ये सुट्टी ठेवा, स्टेपल करू नका. प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, फोलिओ नंबर, म्हणजे सर्टिफिकेटवर छापलेला शेअरधारकाचा खाते नंबर, वहीत उतरवा. कंपन्या विलीन होतात, नाव बदलतात, त्यामुळे आधी बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर जुनं नाव टाकून बघा, मग त्या कंपनीचा रजिस्ट्रार, म्हणजे तिच्या शेअरधारकांच्या नोंदी ठेवणारा, कोण ते शोधून त्याला फोलिओ नंबरासकट पत्र लिहा. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर करायला अडचण नाही, त्याला मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं लागतील. सर्टिफिकेटवर सासूबाईंचं नाव जोडीने आहे का ते आधी बघून सांगा, असेल तर काम बरंच सोपं.

नाशिकचा_पाहुणा
पुण्यात कसब्यात तांबट आळीत अजून कल्हई करून मिळते का? कुणाला माहीत असेल तर सांगा.