प्रतिसाद: श्रद्धा फक्त चांगल्या दिवसांची?
वर कोणीतरी लिहिलंय की सगळं सुरळीत असताना देव जवळ वाटतो आणि संकट आलं की तो निघून गेल्यासारखं होतं, म्हणजे श्रद्धा ही चांगल्या दिवसांचीच गोष्ट. पहिलं पटलं, दुसरं अजिबात नाही. तुकोबांचंच बघा ना, घरात महाजनकी, सावकारी, पिढ्यानपिढ्यांची विठ्ठलाची पूजा, आणि मग १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, धंदा बुडाला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय, काहीही लपवलेलं नाही. आणि त्याच अभंगात पुढे येतं की देवाचं देऊळ भंगलं होतं ते नीट करावंसं मनात आलं. मी दरवेळी इथे थांबते. देवाने मला वाचवलं असं ते इथे म्हणत नाहीत, स्वतःचं घर मोडलेलं असताना देवळाच्या कामाला हात घालतात!

मला तर चांगल्या दिवसांचीच जास्त काळजी वाटते, कारण तेव्हा देवाशी बोलायला सवड कोणाला असते. आमची आई बाबांच्या आजारपणात रोज हरिपाठ म्हणायची, ते बरे झाले, हिंडूफिरू लागले तरी तिने तो सोडला नाही, आणि मला तिचं हे दुसरं जास्त मोठं वाटतं.