प्रतिसाद: बी पेरून भागत नाही, पाणी बघावं लागतं

वर कुणीतरी विचारलंय, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तळ्यांत जंगली भाताचं (पाण्यात उगवणाऱ्या, दाणे खाल्ल्या जाणाऱ्या गवताचं) बी दरवर्षी टाकतात, तरी तो का टिकत नाही? बियाण्यात खोट नसते हो, बहुतेकदा पाणी नडतं.

तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचा हा 'मनोमिन' वर्षायू आहे, म्हणजे दरवर्षी बियांतून नव्याने उगवतो. शरदात दाणे गाळात पडतात, तीन-चार महिने गोठणबिंदूजवळच्या पाण्यात निजतात आणि वसंतात रुजतात. पाणी साधारण अर्धा ते तीन फूट हवं. खरी कसोटी मेअखेर ते जूनमध्ये. तेव्हा पानं पाण्यावर तरंगत असतात आणि मुळं अजून नाजूक. त्या दिवसांत पातळी एकदम चढली की रोपं तरंगून मुळासकट उपटली जातात. अख्खं वर्ष गेलं! विस्कॉन्सिन-मिशिगन सीमेवरच्या लाक व्ह्यू डेझर्ट या तळ्यात बंधाऱ्याने पाणी चढलं आणि भात गेला. या शतकाच्या सुरुवातीला पातळी उतरवून बी पेरलं, तेव्हा तो परतला.

दुसरं दुखणं पाण्यातल्या सल्फेटचं, म्हणजे गंधकाच्या क्षाराचं. मिनेसोटाने 1973 मध्ये जंगली भात उगवतो त्या पाण्यासाठी सल्फेटची लिटरला 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. गंमत म्हणजे सल्फेट स्वतः फारसं बाधत नाही. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याचं सल्फाइड करतात, ते मुळांना विषारी. गाळात लोह भरपूर असेल तर बरंचसं सल्फाइड तिथेच बांधलं जातं. म्हणून सारख्याच सल्फेटच्या दोन तळ्यांत एकीकडे भात डोलतो, दुसरीकडे नाही. माझ्या मते बी टाकण्याआधी गाळ तपासलेला बरा.