इजिप्त: क्रूझ न घेता लक्झर ते आस्वान, स्वस्तात जमतं का?

रिकामी_सॅक:
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी मी आणि मैत्रीण अशा दोघी इजिप्तला निघायचं घाटतंय. कैरो उरकून मग दक्षिणेला, लक्झर आणि आस्वान मिळून आठवडाभर हातात असेल. ज्याला विचारावं तो म्हणतो नाईलवरची क्रूझ घ्या, दुसरं काही करूच नका, पण त्या सीझनचे रेट बघून घाम फुटला आणि तसंही गाइडने छत्री वर केली की उतरा, पाऊण तासात देऊळ बघा, परत चढा, हे मला झेपणारं नाही. ट्रेन, फेरी, शेअर गाडी असं करत एडफू, कोम ओम्बो, फिले, अबू सिंबेल ही देवळं होतील का? तिकिटं बरीच महाग झालीयत म्हणे, तर काय गाळलं तर चालेल तेही सांगा. दोघी शाकाहारी आहोत.

उंटावरचा_शहाणा:
आरामात होतं. फक्त पैसा कुठे जातो ते आधी समजून घ्या, राहण्याखाण्यात नाही, तिकिटांत जातो. मार्च २०२४ मध्ये तिकडचा पाउंड एका दिवसात आपटला, डॉलरला ३१ च्या आसपास होता तो ५० च्या घरात गेला, त्यामुळे गेस्टहाउस, जेवण, लोकल प्रवास आपल्याला स्वस्त पडतो, पण परदेशी लोकांची देवळांची तिकिटं सरकार वाढवतच असतं. म्हणून रोज चार देवळं असला प्लॅन करू नका, दोन करा आणि नीट बघा. मोठ्या ठिकाणी खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं, तेव्हा दोघींकडे इंटरनॅशनल चालू असलेलं एकेक कार्ड हवंच. कोणी अजून शिकत असेल तर आंतरराष्ट्रीय स्टुडंट कार्ड काढा, तिकीट निम्म्यावर येतं, कार्डाचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल.

लक्झरला पश्चिम काठावर राहा. स्टेशन, कर्नाकचं देऊळ, लक्झर टेंपल पूर्वेला आहे आणि थडगी सगळी पश्चिमेला, पण पश्चिमेला शांतता आहे, उसाची शेतं आहेत, खोल्या स्वस्त आहेत आणि नदी ओलांडायला लक्झर टेंपलसमोरून लोकांची फेरी आहे, तिला अगदी किरकोळ पैसे पडतात. किनाऱ्यावर दहा जण सांगतील की फेरी बंद पडलीय, आज सुट्टी आहे, माझ्या बोटीत बसा. ऐकायचं नाही, सरळ खाली उतरून गावातल्या बायका जिथे चढतायत तिथे चढायचं.

व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, तिच्या साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात, आणि लोक इथेच घोळ घालतात, दारातली पहिली तीन बघून बाहेर येतात. तिसऱ्या रामसेसचं (नंबर ११) घ्या, चौथ्याचं (नंबर २) घ्या, आणि गुडघे ठीक असतील आणि त्या दिवशी उघडं असेल तर तिसऱ्या थुटमोसचं (नंबर ३४), ते पार मागे कड्यात आहे, लोखंडी जिना चढून परत आत खोल उतरायचं, गरम होतं, पण खाली अंडाकृती खोली आणि भिंतीवर काड्याकाड्यांच्या माणसांसारखी चित्रं, जणू कोणी पपायरसची गुंडाळीच उलगडून लावलीय. तुतानखामुनचं तिकीट वेगळं आहे. थडगं एवढंसं, खजिना सगळा कैरोत, इथे फक्त त्याची ममी आणि एका खोलीतली चित्रं, पैसे मोजायचे असतील तर माझं मत विचाराल तर गाळा. त्या पैशात मेदिनेत हबू बघा, तिसऱ्या रामसेसचंच देऊळ, गर्दी कमी, छताला अजून रंग आहेत, आणि बाहेरच्या उत्तरेकडच्या भिंतीवर समुद्रातून आलेल्या टोळ्यांशी लढाई कोरलीय ती पूर्ण चालत बघा. त्याचं तिकीट देवळाच्या दारात शोधू नका, मेम्नॉनच्या पुतळ्यांच्या पुढे तिकीट ऑफिस आहे तिथून आधी घ्यायचं. पुतळे फुकट.

थर्ड_एसी:
वरचं सगळं बरोबर, पण मधल्या टप्प्यावर कोणी बोललं नाही. लक्झर ते आस्वान ट्रेन तीन-साडेतीन तास, मस्त आहे, नदी, केळी, खजूर आणि त्यामागे लगेच वाळवंट. परदेशी लोकांना काउंटरवर ठराविक गाड्यांचीच तिकिटं देतात, नाहीतर त्यांच्या रेल्वेच्या साइटवरून काढा. सगळीकडे सामान टाकून उतरत जाऊ असं मात्र डोक्यात असेल तर एक लक्षात घ्या, एडफूचं स्टेशन नदीच्या पूर्वेला आणि देऊळ पश्चिमेला, म्हणजे उतरून टुकटुक किंवा टॅक्सीने पूल ओलांडायचा, परत यायचं, पुढच्या ट्रेनची वाट बघायची, ती उशिरा, आणि मग कोम ओम्बोला तेच. सॅक कुठे ठेवायची हा वेगळा प्रश्न. दोघीच असाल तर गेस्टहाउसवर अजून दोघं-तिघं गोळा करा आणि लक्झर ते आस्वान एक गाडी ठरवा, वाटेत एडफू आणि कोम ओम्बोला थांबायचं, संध्याकाळी आस्वान. माणशी खर्च ट्रेनपेक्षा जास्त पण क्रूझच्या आसपाससुद्धा नाही. भाडं अख्ख्या गाडीचं, थांबे किती, थांबायचं किती वेळ, सगळं निघायच्या आधी बोलून घ्या आणि पैसे आस्वानला पोचल्यावर.

एडफू चुकवू नका हां. इसवीसनपूर्व २३७ ला काम सुरू झालं आणि ५७ ला संपलं, म्हणजे पिढ्यानपिढ्या बांधत होते, आणि नंतर शतकानुशतकं वाळूत गाडलेलं राहिलं म्हणून छतासकट उभं आहे. बाकी ठिकाणी खांब बघून छत मनात बांधावं लागतं, इथे एकेका दालनात अंधार वाढत जातो तो अजून तसाच आहे. क्रूझवाले सकाळी लोंढ्याने येतात, तुम्ही साडेदहा-अकराला पोचा.

रिकामी_सॅक:
बापरे, एवढं सविस्तर, दोघांचेही आभार. गाडीचा पर्याय पटला. तुतानखामुन गाळायचं म्हटल्यावर मैत्रीण रुसलीय, ते मी बघते. आता अबू सिंबेलचं सांगा, पहाटे चारला उठून एवढ्या लांब जाऊन यायचं, वर्थ आहे का? आणि फेलुकात (शिडाच्या होडीत) रात्री झोपायचं तिच्या फार मनात आहे.

निळी_मांजर:
अबू सिंबेलवरून आमच्या घरात अजून भांडण आहे, मी जा म्हणणाऱ्यांतली. आस्वानपासून साधारण २८० किलोमीटर, गेस्टहाउसवाले शेअर मिनीबसमध्ये सीट देतात, स्वतंत्र गाडीपेक्षा खूप स्वस्त. धरणाचं पाणी चढणार म्हणून १९६४ ते ६८ मध्ये डोंगरात कोरलेली देवळं कापून तुकडे करून ६५ मीटर वर नेऊन परत जोडलीयत आणि जवळ जाऊन बघितलं तरी सांधे पटकन सापडत नाहीत. मोठ्या देवळाच्या दारातल्या चार मूर्तींपैकी एकीचं डोकं आणि धड खाली पडलंय, ते फार जुन्या भूकंपातलं, हलवतानाही पडलं होतं तसंच मांडून ठेवलं. शेजारचं नेफर्तारीचं छोटं देऊळ लोक पळत बघतात, तिथे दारात राणीच्या मूर्ती राजाएवढ्याच उंच आहेत, असं त्या लोकांत क्वचितच दिसतं. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उन्हाची तिरीप गाभाऱ्यापर्यंत जाते तेव्हा जत्रा असते, तुमच्या तारखांना तो प्रश्न नाही, पण नाताळची गर्दी असणार, सीट आधी धरा.

फेलुकाचं असं आहे की नाईल उत्तरेला वाहते आणि वारा उत्तरेकडून येतो, त्यामुळे आस्वानहून निघालेली होडी प्रवाहाबरोबर पण वाऱ्याच्या तोंडावर, या काठावरून त्या काठावर तिरकी जात राहते. घाई असलेल्यांनी बसूच नये. डिसेंबरच्या रात्री उघड्यावर चांगलंच गारठतं, जाड पांघरूण आहे का ते बघून घ्या, आणि टॉयलेट म्हणजे किनारा, हे मैत्रिणीला आजच सांगा. दोघीच मुली असाल तर माझं ऐका, रात्र नको, सूर्यास्ताचे दोन तास घ्या, तेवढ्यात हौस फिटते.

फिले बेटावर आहे, तिकीट वेगळं आणि बोट वेगळी, बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, धक्क्यावर दुसरे प्रवासी दिसले की त्यांना विचारून एकत्र बसा. जाऊन येऊन आणि तिथे थांबायचा वेळ धरून ठरवा, नाहीतर परतताना नवीन हिशोब निघतो.

उंटावरचा_शहाणा:
अबू सिंबेलबद्दल माझं मत उलटं आहे. सात-आठ तास गाडीत आणि दोन तास तिथे. आठवडाच असेल तर तो दिवस लक्झरहून उत्तरेला देंडेराला द्या, केना शहरापर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी, हाथोरच्या देवळाचं छत साफ केलंय, निळा रंग असा काही वर आलाय की मान दुखेपर्यंत बघाल. असो, दोघींनी चिठ्ठ्या टाका.

निळी_मांजर:
देंडेरा आवडलं, पण आस्वानपर्यंत जाऊन अबू सिंबेल नाही हे मला पटणार नाही :)

थर्ड_एसी:
शाकाहाराचं राहिलं. काही अडत नाही, कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा), फूल (शिजवलेले फावा बीन्स), तामेया (त्याच बीन्सचे तळलेले वडे), सगळं गाड्यावर मिळतं आणि पोटभर होतं. भाजीचा रस्सा घेताना तो मटणाच्या पाण्यात शिजवलाय का ते विचारा, मांसाचे तुकडे नसले म्हणजे शाकाहारी असा तिकडे समज आहे. आस्वानला करकडे प्या, अंबाडीच्या लाल बोंडांचं, थंड चांगलं लागतं. देवळात पहारेकरी हाताने खुणावून दोरीपलीकडे काहीतरी खास दाखवायला नेतात, तिथे गेलात की बक्षिसी आलीच, नको असेल तर नजरच द्यायची नाही. सुटे दहा-वीसचे पाउंड रोज सकाळी वेगळ्या खिशात ठेवा, मोठ्या नोटेला सुटे नाहीत हे उत्तर सगळीकडे तयार असतं.