एका तिकिटात दहा देशांचे नाच: कौतुक करायचं की काळजी?

कानसेन (ऑकलंड): गेल्या शनिवारी इथे 'जगाचे नाच' असा कार्यक्रम झाला. स्वागताला माओरींचा 'हाका' नाच, मग हवाईचा हुला, स्पेनचा फ्लॅमेन्को, तुर्की दरवेशांचा (सूफी साधकांचा) समा, आपली लावणी वगैरे. प्रत्येकाला चार मिनिटं. समामध्ये दरवेशी काळा झगा उतरवून उजवा तळवा वर, डावा खाली धरून फिरतात. एकूण चार सलाम, म्हणजे चार भाग असतात. इथे पहिला सलाम संपायच्या आत दिवे बदलले आणि वर शिट्ट्या! अहो, ती उपासना आहे. लावणीचंही रेकॉर्डवरचं फास्ट कडवं तेवढं. याला मी रुखवत म्हणतो. मांडलं, बघितलं, पुढे सरकलं.

खडीसाखर: एवढं सोवळं कशाला? १९२५ साली तुर्कस्तानात दरवेशांचे मठ बंद झाले. १९५०च्या दशकात तिथल्या कोन्या शहरात समा पुन्हा उघडपणे झाला तो सांस्कृतिक कार्यक्रम म्हणूनच. हवाईत १८३० मध्ये राणी काआहुमानूनं जाहीर हुलावर बंदी घातली. राजा कालाकाउआनं १८८३ साली स्वतःच्या राज्याभिषेकात तो सर्वांसमोर नाचवला. चार लोकांनी बघितलं म्हणूनच हे नाच जगले.

कानसेन: राजानं हुला नाचवला तो हवाईत, हवाईच्या लोकांपुढे. त्याच्याच टोपणनावानं तिथल्या हिलो गावात मेरी मोनार्क हा हुलाचा महोत्सव भरतो, तिथे परीक्षकही हुलातले जाणकार. निवेदक घड्याळ दाखवत उभा नसतो.

वेलिंग्टनकर: वेळेपेक्षा नाव महत्त्वाचं. 'का माते' हा हाका ते राउपराहा यांनी १८२०च्या सुमारास रचला. ते न्गाती तोआ जमातीचे सरदार. त्यासाठी २०१४ साली न्यूझीलंडनं कायदा केला: धंद्यासाठी प्रकाशित करा, प्रसारित करा किंवा चित्रपटात दाखवा, त्यांचं नाव द्या. नुसतं नाचायला त्यात अडकाठी नाही, तरी निवेदनात एक वाक्य म्हणायला काय जातं? तुमच्याकडे म्हटलं का?

कानसेन: नाही. प्रायोजकांची नावं मात्र दोनदा.

नऊवारी: त्या लावणीत माझी लेक होती. तालीम आमच्या गराजमध्ये, तेही ऑफिस सांभाळून. काष्टा सुटू नये म्हणून पिना लावता लावता माझी बोटं सोलली. त्या चार मिनिटांमुळे पोरगी आता ढोलकीचे बोल विचारतेय. घरी बसून नावं ठेवणं सोपं असतं हो.

कानसेन: ताई, लेकीला नावं नाही ठेवली, आयोजकांना ठेवली. बोल विचारतेय तर तिला यमुनाबाई वाईकर ऐकवा. बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागी एकच ओळ फिरून फिरून घोळवते, दर वेळी अदा निराळी. चार मिनिटांत ती दुसऱ्या ओळीवरही येणार नाही.

खडीसाखर: आणि ऑकलंडचं पब्लिक त्या एका ओळीला तिकीट काढणार?

वेलिंग्टनकर: दहाऐवजी तीन नाच ठेवा, पंधरा-पंधरा मिनिटं. बघा काढतात का.

नऊवारी: तीन कोणते ते ठरवायला समिती नेमा. मंडळाच्या मीटिंगा बघितल्यात ना? लावणीचाच पहिला बळी जाईल.