मदत हवी आहे: लेखात शब्द 14 वेळा आहे, तपासणीत 3 वेळाच दाखवते

काळी_कसदार
शेतकरी गटाच्या वेबसाइटसाठी लेख लिहिला. ज्या शब्दावर तो गुगलवर सापडावा, तो शब्द 14 वेळा आला आहे, बोट ठेवून दोनदा मोजला. तपासणी 3 म्हणते आणि लाल दिवा. हिरवा झाल्याशिवाय अध्यक्ष लेख टाकू देत नाहीत. 6 वाजता आमची लाइट जाते, त्याआधी सांगा कोणीतरी.

वर्धाकाठ
कोणता शब्द? तपासलं कशात? लेख कशावर?

संत्राबाग
शब्द वाढव, बाकी काही नाही. शंभर शब्दांत दोन-तीन वेळा आलाच पाहिजे. माझ्या रोपवाटिकेच्या पानावर प्रत्येक परिच्छेदात ‘संत्रा कलमे’ आहे. कीवर्ड टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली न दिसणारी शब्दांची यादी) वरुड, मोर्शी, काटोल, सगळी गावं टाकली.

वर्धाकाठ
दादा, तो टॅग गुगल क्रमवारीसाठी पाहत नाही, हे त्यांनी 2009 सालीच जाहीर केलं. शंभरात किती, असा आकडाही त्यांनी दिलेला नाही. उलट एकच शब्द कोंबणं त्यांच्या स्पॅमच्या नियमात बसतं. पोराला भलतं सांगू नका.

संत्राबाग
मागच्या पावसाळ्यात माझी सगळी कलमं विकली गेली. ती काय टॅग न पाहता गेली?

वर्धाकाठ
कलमं चांगली होती म्हणून गेली.

काळी_कसदार
भाऊ, भांडू नका. शब्द ‘कापूस’. लेख गुलाबी बोंडअळीवर. साइट वर्डप्रेसवर आहे, तपासणी त्यातलं जोड-सॉफ्टवेअर म्हणजे प्लगइन करतं.

पांदण
बोंडअळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लाव. लागोपाठ 3 दिवस एका सापळ्यात रोज 8 पतंग दिसले की फवारणीचं बघायचं. 2017 साली बोंडअळीने पीक गेलं, तशी वेळ पुन्हा नको.

शेवंती
लेखातली दोन-चार वाक्यं इथे टाका, जशीच्या तशी.

काळी_कसदार
“कापसाला पाते-फुले लागली की रोज शेतात फेरी मारा. कापसावरील डोमकळ्या वेचून नष्ट करा. कापसाची फरदड घेऊ नका.”

शेवंती
यातच आहे सगळं. तीन वाक्यांत तुम्ही कापूस तीनदा मोजला, प्लगइनला एकदाही दिसला नाही. ला, वर, ची लागले की ‘कापूस’चा ‘कापसा’ होतो, मधला ऊकार जातो. प्लगइन अक्षराला अक्षर जुळवतं, सामान्यरूप त्याला ठाऊक नाही. तुमची मोजणी बरोबर आहे. दिव्यासाठी ‘कापूसला’, ‘कापूसची’ असं मात्र कृपा करून लिहू नका. वाचणारा शेतकरी आहे, आणि तो दिवा प्लगइनचा आहे, गुगलचा नाही.

धुऱ्यावरून
मी वेगळंच विचारतो. आपल्याकडं उभ्या पिकाला कापूस म्हणतं कोण? बोंड फुटून घरी आला की कापूस. वावरात उभी ती पऱ्हाटी, आन् अळी पऱ्हाटीवर पडते.

शेवंती
अगदी बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. गटाची साइट गुगलच्या सर्च कन्सोलला (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारी सोय) जोडली असेल तर परफॉर्मन्समध्ये जाऊन क्वेरीज बघा. कोणते शब्द टाकल्यावर साइट दिसली ते 16 महिन्यांपर्यंतचं मिळतं. आणि ‘पऱ्हाटी’तला ऱ्ह जपून. काही कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र आणि एक न दिसणारी खूण. डोळ्याला दोन्ही सारखे, पण साधी मोजणी त्यांना दोन वेगळे शब्द धरते. अर्धा लेख मोबाइलवर आणि अर्धा कॉम्प्युटरवर लिहिला असेल तर हे होऊ शकतं.

काळी_कसदार
अर्धा मोबाइलवरच लिहिला आहे. क्वेरीज उघडल्या. ‘पराटी अळी’, ‘पराटीवर लाल अळी’, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं किती तरी. ‘कापूस बोंडअळी’ खूप खाली आहे. शीर्षकात पऱ्हाटी घेतो, पहिल्या ओळीत दोन्ही शब्द. पण लाल दिव्याचं अध्यक्षांना काय सांगू?

वर्धाकाठ
प्लगइनमधला शब्दाचा रकाना मोकळा सोड. मोजायला शब्दच राहणार नाही. आणि अध्यक्षांना या क्वेरीज दाखव, ते स्वतः शेतकरी आहेत.

काळी_कसदार
मोकळा ठेवला, दिवा राखाडी झाला. अध्यक्षांनी ‘पराटी’ वाचलं आणि टाक म्हणाले. टाकला, 5:40. ताई, भाऊ, आभार.

पांदण
सापळ्यातली ल्युर (वासाची गोळी) वेळेवर बदलायची, तेही लेखात घाल.