डायनोचा कागद आणि ३४४ घोड्यांची वरात

वेस्टगेट
परवा एका भावाने आपल्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३० चा डायनोचा (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद या फोरमवर टाकला. ताकद वाढवायला केलेले बदल: स्टेज २ चा मॅप (ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, नवं प्रोग्रॅमिंग), डाउनपाइप, मोठा इंटरकूलर. खाली ठळक अक्षरात ३४४ बीएचपी (अश्वशक्ती). वर मल्लिनाथी, "कागद बोलतो, बाकीच्यांनी बसून घ्यावं." त्याखाली नुसता "कडक!"चा पाऊस. मला काही बसवेना, म्हणून हा वेगळा धागा.

तो कागद जरा मोठा करून पाहा. उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'एसएई, सीएफ १.१०४' लिहिलंय, म्हणजे हवामानासाठीचा दुरुस्ती गुणक. रोलरने चाकावर मोजले २६५. पुणे ५६० मीटर उंचीवर, हवेचा दाब ९४८ मिलिबारच्या आसपास, खोलीत ३५ अंश, म्हणून सॉफ्टवेअरने १० टक्के पदरचे घातले. झाले २९२. मग गिअरबॉक्स-ड्राइव्हशाफ्टमध्ये १५ टक्के जातात असं *धरून* ०.८५ ने भागलं. झाले ३४४. मोजलेले २६५, उरलेले ७९ वरातीत वाटेत सामील झाले.

बरं, ती दाबाची दुरुस्ती शोभते बिनटर्बोच्या इंजिनाला. टर्बोला हवा विरळ मिळाली तर ईसीयू वेस्टगेट (टर्बोला वगळून धूर बाहेर सोडणारी झडप) जास्त बंद ठेवतो, टर्बो जोरात फिरवतो आणि ठरलेलं बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, गाठतोच. जे नुकसान झालंच नाही त्याची भरपाई कसली घेता? पीकविमा आहे का हा?

आरएस_२३०
तो भाऊ मीच. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

दीड वर्ष पैसे साठवून हे काम केलंय. डायनोवर गाडी पट्ट्यांनी बांधली, समोर पंखा लावला, चौथ्या गिअरमध्ये तीन रन झाले, मी स्वतः काचेपलीकडे उभा होतो. कागद माझ्या घरच्या प्रिंटरवर छापलेला नाही. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर माझ्यापुढे कोण कोण मागे राहिलं ते तिथे आलेल्यांना विचारा. तुमची गाडी कुठली ते कळलं तर बरं होईल.

वेस्टगेट
माझी १२ वर्षांची पोलो आहे. तिच्यामुळे ०.८५ ने भागायचा नियम बदलत नाही.

मॅप_मास्तर
माझं पोट याच धंद्यावर आहे, त्यामुळे थोडं ऐकून घ्या. दुरुस्ती काढून टाकली तर मे महिन्यातला पुण्याचा रन आणि डिसेंबरातला मुंबईचा रन एकमेकांशेजारी ठेवता येणार नाही. आणि टर्बो सगळं भरून काढतो हेही अर्धसत्य. वरच्या आरपीएमला छोटा टर्बो आधीच धापा टाकत असतो, विरळ हवेत त्याला अजून दमवलं की इनटेकची हवा तापते, नॉक येतो (इंधन अवेळी पेटून ठोके पडतात), ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो. तोटा होतो. दहा टक्के नाही होत, हे मान्य.

बाकी आम्ही आकड्यासाठी डायनो वापरतच नाही. रेषेचा आकार बघतो. टॉर्क कुठे चढतो, कुठे खड्डा पडतो, कुठे टायमिंग पळतं. पण गिऱ्हाइकाला आकडा लागतो. मी २६५ चा कागद हातात दिला की तो शेजारच्या गल्लीतून ३३० चा घेऊन येतो आणि मलाच दाखवतो. उपाशी कोण राहणार?

वेस्टगेट
म्हणजे पोटासाठी ७९ घोडे. प्रामाणिकपणाबद्दल दंडवत.

बेंचकाका
३१ वर्षं इंजिन टेस्ट बेंचवर काढली, आता निवृत्त. दोन गोष्टी. युरोपच्या आर-८५ नियमात पेट्रोल इंजिनासाठी दुरुस्तीचा गुणक ०.९३ ते १.०७ या मर्यादेतला धरलाय. बाहेर गेला तर चाचणी कुठल्या हवेत झाली ते अहवालात नेमकं नोंदवावं लागतं. तुमचा १.१०४ आहे. आमच्याकडे साहेबाने त्या कागदावर सही केली नसती.

दुसरं, कंपनीचे २३० हे पीएस (मेट्रिक घोडे) आहेत, बीएचपीत २२७ होतात, आणि ते इंजिन सुटं काढून क्रँकला मोजलेले. रोलरवर उलट्या हिशोबाने काढलेल्या ३४४ मधून ते वजा करायचे नसतात. गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशी) असताना त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये रन घेतला होता का? तो नसेल तर सगळी चर्चा फोल.

मिशिगनकर
काकांना +१. इथे अमेरिकेत १९९९ च्या मस्टँग कोब्राला कंपनी ३२० म्हणत होती. लोकांनी डायनोवर चढवल्या, आकडे जुळेनात, शेवटी फोर्डला गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्या लागल्या. २००१ च्या मिआटाला माझदाने १५५ सांगितले आणि मग स्वतःच १४२ वर आणले, वर गाडी परत विकत घ्यायची तयारी दाखवली. तेव्हा डायनो म्हणजे निव्वळ थापा असंही नाही. कधीकधी थाप कंपनीची असते.

इंधन_नळी
सगळे हवेवर बोलताय, टाकीत काय होतं ते कोणीच विचारेना! मॅप १०० ऑक्टेनवर केला असेल आणि रोज पंपावरचं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरत असाल तर तो कागद रद्दीत घाला. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. माझ्या २०१३ च्या गाडीचं ॲव्हरेज १५ वरून साडेतेरावर आलं, इंधनाची रबरी नळी फुगून मऊ पडली, मेकॅनिकने बोटाने दाबून दाखवली. पैसे पूर्ण पेट्रोलचे घेतात.

ऊसकरी_वाळवा
आलं गाडं इथेनॉलवर. वाटच बघत होतो.

चौदा दिवसांत उसाचे पैसे द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. आमच्या भागात महिनोन्‌महिने बिलं थकायची. कारखान्याची इथेनॉलची डिस्टिलरी चालायला लागली तेव्हा कुठे पैसे वेळेवर यायला लागले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध घातले, तेव्हा तुमच्यापैकी कोणाच्या घशाखाली घास अडकला होता का? तुमची एक नळी फुगली तर केवढा टाहो.

आणि शर्यतवाल्यांनी तरी इथेनॉलला नावं ठेवू नयेत. अमेरिकेतली इंडीकार शर्यत २००७ पासून त्यावर पळते. ट्यूनिंगवाले ई८५ (८५ टक्के इथेनॉल) मिळावं म्हणून जीव टाकतात.

इंधन_नळी
इंडीकारची नळी त्यासाठीच बनवलेली असते. माझी नव्हती. ऊस तुमचा, नळी माझी, आणि विचारलं दोघांनाही नाही.

ऊसकरी_वाळवा
चारशे रुपयांची नळी बदला की मग. आम्ही बिलासाठी कारखान्याच्या दारात तीन रात्री झोपलोय.

मॅप_मास्तर
ई२० ने ऑक्टेन वाढतो आणि सिलिंडरमधला चार्ज थंडही राहतो, टर्बोला ते आवडतं. पण इंजेक्टरला त्याच कामासाठी जास्त इंधन ओतावं लागतं. ऊसवाले बरोबर, नळीवालेही बरोबर. आता धाग्यावर याल का?

ऊसकरी_वाळवा
"ऊसवाले" म्हणू नका. बी.ई. मेकॅनिकल आहे मी.

वेस्टगेट
गाडीच्या मालकांनी धावपट्टीची आठवण काढलीच आहे. जीपीएसच्या डब्यावरची वेळ त्यांनीच मागे टाकली होती, ताशी १०० ते १५० किलोमीटर साडेचार सेकंदांत. माणसासकट दीड टन धरा. तेवढा वेग वाढवायला ७२३ किलोज्यूल लागतात, ४.५ ने भागले की १६१ किलोवॅट. हवा आणि टायर यांचा विरोध २३ एक धरू. १८४ किलोवॅट म्हणजे २४७ घोडे सरासरी, शिखर २६५ च्या आगेमागे. रोलर खरं बोलत होता. खोटं कोपऱ्यातल्या मुंगीने केलं.

आरएस_२३०
तीन दिवस गप्प होतो. काकांनी विचारलेला स्टॉक रन माझ्याकडे नव्हता. मित्राची आरएस २३० आहे, एअर फिल्टरसुद्धा कंपनीचा. शनिवारी दोन्ही गाड्या त्याच डायनोवर नेल्या. आधी त्याची, मग माझी, दोन्ही गाड्यांना मधे पंखा लावून दहा मिनिटं विश्रांती. कारण माझ्या पहिल्या वेळच्या तीन रनमध्ये इनटेक ३८ वरून ६१ अंशांवर गेला होता, हे लॉग उघडल्यावर आत्ता कळलं.

त्याची चाकावर, दुरुस्तीशिवाय: २०८. माझी: २६५. त्याच्या कागदावर खाली ठळक अक्षरात काय छापून आलं ठाऊक आहे? २७०. स्टॉक गाडीला २७०! मित्र खूश, फ्रेम करतोय.

म्हणजे माझे वाढले ५७. मी घरी आणि ऑफिसात सांगितले होते ३४४ वजा २३०, म्हणजे ११४. बरोबर दुप्पट. वेस्टगेटराव, घ्या मिरवून. पण ५७ घोडे चौथ्या गिअरमध्ये काय करतात ते पोलोत बसून कळायचं नाही.

वेस्टगेट
५७ चांगले आहेत हो. मी कधी वाईट म्हणालो? एकदा बसवा गाडीत.

बेंचकाका
दोन्ही कागद मला पाठवा. सही करत नाही, नुसते बघतो.

इंधन_नळी
शनिवारी दोन्ही गाड्यांत पेट्रोल कुठलं होतं?