काउंटरवरचा पुठ्ठ्याचा डबा: पैसे पाण्यात, की मालाला हक्काची जागा?

घडीवाला (धरमपेठ)

परवा इथं एका सभासदानं लिहिलं, "नागपूरच्या छोट्या मसालेवाल्यांनी आणि संत्रा-गोळीवाल्यांनी काउंटर डिस्प्लेच्या नादी लागू नये. तो पुठ्ठ्याचा डबा म्हणजे डिझायनरचं पोट भरायचं साधन. काचेची बरणी आणि पाउचची माळ आजवर चालली, पुढंही चालेल." दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

मी १४ वर्षं कीलाइन, म्हणजे डब्याच्या कापाच्या आणि घडीच्या रेषा, काढतोय. रंग, फोटो, अक्षरं ही माझ्यानंतरची माणसं करतात. कोरा पुठ्ठा कुठं कापायचा, कुठं मुडपायचा, कुठं चिकटवायचा, एवढंच माझं काम. एकाच तावातून निघालेला डबा माल भरून बंद होतो आणि खोक्यातून दुकानात जातो. तिथं पर्फोरेशनवर, म्हणजे तुटक कापांच्या रेषेवर, फाडला की पुढची बाजू उघडते आणि झाकण मागं उभं राहून त्याचा माथा होतो. ज्याला हे पोट भरायचं साधन वाटतं, त्यानं एकदा पांढऱ्या पुठ्ठ्याचा नमुना स्वतः कापून उभा करून दाखवावा.

बरणी दुकानदाराची असते. त्यात गोळी ओतली की ती कुणाची गोळी? सगळ्या सारख्याच. नव्या माणसाला नाव मिळवायचं असेल तर काउंटरवर वीतभर जागा त्याच्या नावानं उभी राहायला हवी. माळ दोरीला लटकते, तिच्यावरचं नाव गिऱ्हाइकाला वाचता येत नाही.

डबे फसतात, हे मला मान्य आहे. पण का फसतात ते बघा. पुढची पट्टी इतकी उंच ठेवतात की आतल्या पाउचचं नाव झाकलं जातं. पर्फोरेशनमध्ये काप कमी आणि जोड जास्त ठेवले, तर दुकानदार फाडताना अख्खा डबा चुरगळतो. उलट केलं, तर डबा ट्रकमध्येच उघडतो. आणि सगळ्यात मोठा घोळ ग्रेनचा, म्हणजे पुठ्ठ्यातल्या तंतूंच्या दिशेचा. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) डुप्लेक्स पुठ्ठ्यात ग्रेन डब्याभोवती आडवं फिरायला हवं. एका तावात एक डबा जास्त बसावा म्हणून प्रेसवाले लेआउट फिरवतात. मग महिन्याभरात बाजू पोट सुटल्यासारख्या फुगतात आणि बोल डिझाइनला लागतो.

१८७९ साली अमेरिकेत कागदी पिशव्या करणाऱ्या रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियांच्या पिशव्या छापताना घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. त्यावरून त्यांना सुचलं की कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होईल. आपल्या हिंगणा एमआयडीसीतली पंचिंग मशीन आजही तेच करते. डायमधली, म्हणजे साच्यातली, उंच धारदार पट्टी कापते, बुटकी बोथट पट्टी घडी पाडते. एवढ्या कामाला कुणी फुकटची सजावट म्हटलं की मला लागतं.

इतवारी किराणा

घडीवाले भाऊ, तो सभासद मीच. माझं म्हणणं मी मागं घेत नाई.

तुम्ही धरमपेठेत बसून डबा काढता, तो येऊन माझ्या काउंटरवर मरते. मे महिन्यात येऊन पाहा न. दुकानात कूलर लावल्याशिवाय मी उभा राहू शकत नाई, आन कूलर काउंटरकडेच तोंड करून असते. बाहेर ४५ डिग्री, सुकी हवा, आन काउंटरवर दिवसभर ओली हवा. एका गोळीवाल्यानं मागच्या उन्हाळ्यात १० डबे ठेवायले दिले. मागचा माथा हा एवढा उंच. कूलर सुरू केला की तो माथा शिडासारखा हवा धरे. निम्म्या गोळ्या विकल्या, पुढचं वजन गेलं, की डबा मागं उलटला. तीनदा उलटला. आठ दिवसांत पुठ्ठा मऊ पडला, खालचं लॉक सुटलं, गोळ्या वजनकाट्याखाली. मी माथा फाडून फेकला आन गोळ्या बरणीत भरल्या. विकल्या तेव्हा.

माझ्या काउंटरवर वजनकाटा आहे, क्यूआरचा ठोकळा आहे, बिलबुक आहे, वरून गिऱ्हाईक आपली पिशवी ठेवते. जागेचं भाडं मी देतो. तुमचा डबा देत नाई.

ऑफसेट काका

"प्रेसवाले लेआउट फिरवतात." वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक येतं, ५०० डबे सांगतं आणि भाव मात्र ५०,००० डब्यांचा मागतं. तावात एक डबा जास्त बसवला नाही तर तो काम दुसरीकडं नेतो. ग्रेन सांभाळायचं तर वाया जाणाऱ्या तावाचे पैसे कुणी द्यायचे? तुमच्या कीलाइनवर ग्रेनचा बाण असतो का? माझ्याकडं येणाऱ्या १० फायलींपैकी एकीवर दिसला तर नशीब.

आणि फायली तरी कसल्या! मोबाईलवर केलेलं चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवतात. कापाच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर जादा रंग, म्हणजे ब्लीड, नाही. डबा चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा शाई आणि वार्निश. तिथं गोंद धरत नाही हे कितीदा सांगायचं? मागच्या वर्षी संत्रा-गोळीचे २,००० डबे छापले. मालकानं हट्टानं बारकोड केशरी करायला लावला, डब्याला शोभतो म्हणून. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. लाल प्रकाशात केशरी रेघ आणि पांढरा कागद सारखाच दिसतो. एकही डबा स्कॅन झाला नाही. २,००० काळी स्टिकरं हातानं चिकटवली, माझ्या घरच्यांनी, दिवाळीच्या तोंडावर.

काटोलचा बागवान

संत्र्याचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. या सगळ्या डब्यांवर संत्रं कुणाचं आहे?

मी १० डबे पाहिले असतील. बर्फी, गोळी, सरबत. एकावरही नागपुरी संत्रं नाही. गुळगुळीत, गोल, घट्ट सालीचं, आडवं कापलेलं, चाकाच्या आऱ्यांसारखं. तो माल्टा आहे! आपलं संत्रं कोण चाकूनं आडवं कापतं? साल सैल असते, बोटानं सोलतो, फोडी सुट्या होतात. २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. आम्ही मिरवलं. आणि डब्यावर फोटो परदेशी फळाचा.

रंगरेषा

बागवान काका, मी डब्यांची डिझाइनं करते आणि असे फोटो वापरते. कारण सांगते. मालकाला "ताजं, केशरी, रसरशीत" हवं असतं. मी एकदा खरं आंबिया बहाराचं (थंडीआधी तोडणीला येणारं) संत्रं, पिवळट-हिरवं, फोटो काढून लावलं. मालक म्हणाले, कच्चं फळ का दाखवता? गिऱ्हाइकाला केशरी रंग दिसला की ते संत्रं समजतं, हिरवा दिसला की लिंबू. दोन हात लांबून, दोन सेकंदात डबा ओळखू यायला हवा. पोटतिडीक समजते, पण डबा म्हणजे शेतीचं पुस्तक नाही.

काटोलचा बागवान

ताई, याच दोन सेकंदांनी आमचा भाव पाडलाय.

रंग पिकण्यावर नसतो, रात्रीच्या थंडीवर असतो. आंबिया ऑक्टोबरपासून तोडणीला येतो, तेव्हा थंडी पुरती पडलेली नसते. फळ आतून गोड आणि वरून हिरवट. व्यापारी बागेत येऊन म्हणतो, हिरवं आहे, कमी देईन. बाहेरगावचं गिऱ्हाईक म्हणतं, कच्चं आहे. हे त्यांना कुणी शिकवलं? डब्यांनी शिकवलं, जाहिरातींनी शिकवलं. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चला रंगानं बरं येतं, तोवर पंजाबचा किन्नो केशरी रंग घेऊन बाजारात बसलेला असतो. कळमन्याच्या बाजारात मी स्वतः ऐकलंय, "ते पंजाबवालं चांगलं दिसते." दिसते!

माझ्या वडिलांनी १९८८ मध्ये बाग लावली. मागल्या साली आंबियाचे चार ट्रॅक्टर निम्म्या भावात गेले, रंगापायी. त्याच आठवड्यात सीताबर्डीत एका दुकानात "अस्सल नागपुरी" लिहिलेला डबा पाहिला, वर माल्टा. मी तो डबा घेतला नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? काय सांगणार तिला?

ऑफसेट काका

बागवान, तुमचं दुःख खरं आहे. पण चार रंगांत हिरवट-पिवळं संत्रं छापणं सोपं नाही. निळा थोडा जास्त पडला की फळ सडकं दिसतं. मॅट लॅमिनेशन केलं तर अजून मळकट. केशरी रंग छपाईतली चूक माफ करतो, हिरवट माफ करत नाही.

काटोलचा बागवान

मग सालीची सैल घडी दाखवा. देठाजवळचा फुगीर भाग दाखवा. सोललेल्या फोडी दाखवा, पांढऱ्या शिरांसकट. रंग केशरीच ठेवा हवा तर! निदान फळ तरी आमचं दाखवा.

रंगरेषा

सोललेल्या फोडींचं मी करू शकते. करायला हवं होतं, हेही मानते. पण फोटोग्राफरचे पैसे कुणी देत नाही, तयार फोटो शंभर रुपयांत मिळतो. हे मालकांना जाऊन सांगा, माझ्यावर राग काढू नका.

कोथरूडकर (मूळचा महाल)

इतका खल कशाला? पुण्यात सॅम्पल कटिंग टेबलवर, यंत्रानं, १५ मिनिटांत कोरा डबा हातात मिळतो. नागपुरात अजून मापपट्टी आणि कटर चाललंय, म्हणूनच हे प्रश्न येतात. काम इकडं पाठवा.

इतवारी किराणा

काऊन बा, पुण्याच्या टेबलावर कूलर आहे का? तुमच्याकडून आलेल्या डब्याचंच तर सांगून राहिलो मी. तो १० डब्यांचा गोळीवाला डबे पुण्याहूनच करून आणे. छापाई एक नंबर. उभा राहिला नाई तो भाग वेगळा.

कोथरूडकर (मूळचा महाल)

एका डब्यावरून गावाला नावं ठेवू नका. मापपट्टीबद्दल बोललो, माणसांबद्दल नाही. माझे काका गांधीबागेत बाइंडिंग करायचे, हातानं, आणि एक सूतही चुकायचे नाहीत. यंत्र असावं एवढंच म्हणणं आहे.

महालची सून

सगळे डिस्प्लेवर बोलताय, मिठाईच्या डब्यावर कुणीच नाही. गेल्या दिवाळीला अर्धा किलो संत्रा बर्फी घेतली. जाडजूड डबा, वर सोनेरी फॉइल, डब्यासकट तोलली. घरी रिकामा डबा काट्यावर ठेवला तर ९० ग्रॅम. बर्फीच्या भावानं पुठ्ठा घेतला मी! निव्वळ वजनच द्यायचं असा कायदा आहे. दुकानात म्हटलं तर मागचे लोक माझ्याकडंच बघायला लागले. डबा जितका जड तितका त्यांचा फायदा, म्हणून जाड पुठ्ठा. डिझाइनवाले यात सामील आहेत.

घडीवाला (धरमपेठ)

ताई, सामील म्हणू नका. मिठाईच्या डब्याला तेवढा पुठ्ठा लागतच नाही. दुहेरी मुडपलेल्या भिंती आणि चार कोपरे नीट चिकटवले तर ३५० जीएसएममध्ये अर्धा किलो सहज पेलतं. मी तसा नमुना करून दिला होता. "हातात वजनदार वाटत नाही" म्हणून परत आला. ते काम मी सोडलं.

ऑफसेट काका, ग्रेनचा बाण माझ्या प्रत्येक कीलाइनवर असतो. सगळ्यांच्या नसतो, तुमचं तेवढं खरं. आणि वाया जाणाऱ्या तावाचा हिशेब मी मालकाला आधी सांगत नाही, ही चूक माझ्या बाजूची. सांगायला हवा. तरी लेआउट फिरवण्याआधी एक फोन करा.

आता इतवारीभाऊ. तुमच्या कूलरनं मला दोन रात्री झोपू दिलं नाही. पुठ्ठा सुकला की घडीवर तडकतो, म्हणून उन्हाळ्यात पंचिंगच्या आधी ताव उघड्यावर ठेवू नका असं मी प्रेसला बजावत आलोय. दुकानात उलटं होतं, तिथं तो ओल पितो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. १४ वर्षांत मी एकही डबा चालू कूलरसमोर ठेवून बघितलेला नाही. पांढरा नमुना करतो, माल भरतो, टेबलावर ठेवतो, पास करतो. टेबल माझं, हवा माझी. इथं तुमचं बरोबर आहे, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

काल एक नमुना बदलला. डुप्लेक्सऐवजी ई-फ्लूट, म्हणजे आत बारीक नळ्या असलेला नालीदार पुठ्ठा, नळ्या उभ्या, म्हणजे ओल धरली तरी भिंत लवकर बसणार नाही. माथा निम्मा केला आणि मध्ये मोठी खिडकी कापली, हवा आरपार जाईल. तळाची मागची पट्टी दोन इंच मागं वाढवली, निम्मा माल संपला तरी उलटू नये म्हणून. घड्या एकमेकींत अडकवलेल्या लॉक बॉटमऐवजी तळ चिकटवलेला. पुठ्ठ्याचा खर्च वाढतो. तो मालकाच्या गळी कसा उतरवायचा ते मी बघतो.

पण बरणीवर मी तुमच्याशी सहमत नाही आणि होणारही नाही. तुमच्या बरणीत त्या गोळीवाल्या पोराच्या गोळ्या विकल्या गेल्या, पण दुसऱ्या खेपेला गिऱ्हाइकानं त्याचं नाव घेऊन मागितल्या का?

इतवारी किराणा

नाई मागितल्या. "ती बरणीतली संत्रा गोळी द्या" म्हणतात. मग मी जी स्वस्त पडते ती भरतो. खोटं कायले बोलू.

तो पोट्टा मग आलाच नाई पुन्हा.

काटोलचा बागवान

घडीवाले, त्या खिडकीभोवती सोललेल्या फोडी दाखवता येतील का? फळं मी देतो. १५ नोव्हेंबरनंतर या, बागेतच फोटो काढा. पैसे नकोत.

रंगरेषा

मी येते. कॅमेरा माझा. पण आधी सांगते, एक फोटो मी हिरवट फळाचाही काढणार, आणि मालकाला दोन्ही डबे शेजारी ठेवून दाखवणार.

इतवारी किराणा

वजनकाटा आन क्यूआरच्या मध्ये ९ इंच जागा आहे, खोली ७ इंच. त्याच्यावर गेला तर ठेवणार नाई. नमुना घेऊन दुपारी २ नंतर या, तेव्हा गर्दी नसते. कूलर चालूच ठेवतो.